लाल रेघेची ओळखपत्रं

माझ्याकडं साडीचं एक खोकं आहे. त्यात साडी नाही, कबड्डी खेळाडूंची जुनी ओळखपत्रं आहेत. एकशे चौदा. जाड पुठ्ठ्याची, तळहाताएवढी, हाताळून कडा काळवंडलेली. प्रत्येकावर काळापांढरा फोटो, फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा उमटलेला गोल शिक्का, खाली नाव, जन्मतारीख आणि संघाचं नाव. पूर्वी आमच्याकडं स्पर्धेत उतरायचं तर हे कार्ड पंचांच्या टेबलावर ठेवावं लागायचं.

मी सगळी कार्डं जमवत नाही. ज्यावर संघाचं नाव लाल शाईनं खोडलंय आणि वर दुसऱ्या संघाचं नाव लिहिलंय, तेवढीच. म्हणजे ज्यानं संघ बदलला त्याचं. नवं कार्ड करायचं तर नवा फोटो लागणार, आणि फोटो काढायला तालुक्याला कोण जाणार? त्यामुळं जुन्याच कार्डावर रेघ मारून काम भागवायचे. फोटो तोच राहायचा. बनियनवर एका गावाचं नाव आणि खाली शाईनं दुसऱ्याच गावाचं. एकाच संघात जन्म काढलेल्या नामांकित खेळाडूंची कार्डंही मला लोकांनी देऊ केली. मी घेतली नाहीत. त्यांचे सत्कार करायला त्यांची गावं समर्थ आहेत.

बारामतीत माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. इंदापूर तालुक्यातल्या माझ्या गावाहून, वरकुट्याच्या बाजूनं, मी रोज मोटारसायकलवर येतो-जातो. जुने खेळाडू कागद घेऊन दुकानात येतात, गप्पा निघतात, कार्डं मिळतात. बायको म्हणते, "लोक जमीन घेत्यात, सोनं घेत्यात. आमचं धनी दुसऱ्याच्या धन्यांचं फोटू जमवत्यात." मी हसतो. छंद आहे म्हणून सांगतो.

ते खरं नाही. छंद नंतरचा. आधी मी एका माणसाचं नुकसान केलं, आणि ते इथं लिहायचं असं मी ठरवलंय.

आमच्या गावात तालीम आहे आणि तालमीला लागून कबड्डी मंडळाची खोली. तरुणपणी मीही खेळायचो, पण सामान्य. चढाईला गेलो की दोन-चार पावलांत दम लागायचा आणि गड्याला शिवायचं सोडून माझं लक्ष मध्यरेषेकडं जायचं. अक्षर मात्र चांगलं होतं, म्हणून मला मंडळाचा चिटणीस केलं. अध्यक्ष माझे चुलते, आबा. आमचं घर उसाचं, आबांचा शब्द गावात चालायचा.

आमच्या संघाचा खरा माणूस डाव्या कोपऱ्यावर उभा असायचा. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, ओढ्यापलीकडच्या वस्तीतला, बौद्ध घरातला. वडील कालव्यावर पाणी सोडणारे पाटकरी. समोरचा गडी चढाई करून परत फिरला की हा खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा, आणि घोटा एकदा त्याच्या हातात गेला की सुटत नसे. मी त्याच्याबरोबर शाळेत होतो, त्याच्याच सायकलवर डबलसीट बसून सामन्याला जायचो.

गावात त्याच्याबद्दल एक वाक्य होतं. "आमी त्याला खेळवतो." मीही ते बोललो आहे. दोन पावलांत धापा टाकणाऱ्या मला कुणी 'खेळवत' नव्हतं, मी आपला खेळत होतो. ज्याच्या जोरावर चषक यायचे, त्याला मात्र आम्ही 'खेळवत' होतो. तेव्हा मला यात काही खटकलं नाही.

एका उन्हाळ्यात एका साखर कारखान्याच्या संघानं त्याचा खेळ पाहिला. संघात घेतो, कारखान्यात कायम नोकरी देतो म्हणाले. अट एकच, एप्रिल संपायच्या आत जुन्या मंडळाचं ना-हरकत पत्र आणायचं. तो मंडळाच्या खोलीत आला. दुकानातून मुद्दाम चांगला कागद आणला होता त्यानं, गुलाबी रंगाचा. म्हणाला, "चिटणीस, तूच लिव. तुझं अक्षर झ्याक हाय. सायबाला वाटलं पायजे का गावानं खुशीनं धाडलाय."

मी लिहिलं. 'सदर खेळाडूने अन्य संघाकडून खेळण्यास आमच्या मंडळाची कोणतीही हरकत नाही.' सही राहिली. आबांना विचारतो म्हणालो.

आबा गोठ्यात होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही दाबून ठिव. मे महिन्याचा चषक हुंदे. मग जाऊंदे कुठं जायचं तितं."

"आबा, मुदत हाय त्याची. एप्रिलच्या आत पायजे."

"मुदत काय निवडणुकीच्या अर्जाची हाय व्हय? थांबत्यात महिनाभर."

मी पत्राची घडी घालून हजेरीच्या रजिस्टरात ठेवली. तो दर दोन दिवसांनी विचारायचा, "झाली का सही?" मी म्हणायचो, "आबांची व्हायचीय." पत्रावर आबांची सही लागतच नव्हती. चिटणिसाची लागत होती. ती माझी होती आणि पेन माझ्या खिशात होतं. त्याला हे ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. आबांचा धाक होता असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. धाक होता हे खरं. पण मलाही तो चषक हवा होता.

चषक आला. शेवटच्या सामन्यात त्यानं एकट्यानं पाच पकडी केल्या. दुसऱ्या दिवशी तालमीसमोर संघाचा फोटो काढला, तो पुढं तालमीत भिंतीवर लागला. खेळाडू खुर्च्यांवर आणि मागं उभे. तो पुढच्या रांगेत कडेला बसलेला, त्याच्या मागं मी उभा, काखेत हजेरीचं रजिस्टर.

तो कारखान्यात जाऊन आला. जागा भरली होती. माझ्याकडं आला आणि म्हणाला, "माझं पत्र दे."

मी म्हणालो, "हरवलं."

तो सायकलवर टांग मारून निघून गेला. पुन्हा आमच्या संघाकडून उतरला नाही. ना-हरकत नसेल तर वर्षभर बाहेर बसावं लागायचं, तसा बसला. दुसऱ्या वर्षी कोऱ्हाळे बुद्रुककडच्या एका मंडळानं त्याला घेतलं, आणि त्या उन्हाळ्यात बारामतीच्या मैदानावर शेवटचा सामना आमचा आणि त्यांचा पडला. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढं होतो. आमचा सगळ्यात तयार गडी चढाईला गेला. त्याला फक्त वेळ काढून परत यायचं होतं. तो फिरला, आणि डाव्या कोपऱ्यातून तो हात आला. घोटा. पकडीनं बरोबरी झाली, आणि जादा डावात आम्ही हरलो.

परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक जण म्हणाला, "खाल्ल्या घरचं वासं मोजलं त्यानं." दुसरा म्हणाला, "आपुनच शिकवला, आपल्यावरच उलटला." पत्राचं खरं काय झालं ते ठाऊक असलेले त्या ट्रॉलीत दोघंच होतो, आबा आणि मी.

सकाळी आबा म्हणाले, "त्याचं त्वांड नको भितीवर." फोटो फाडावा तर बाकीचे सगळे त्यात होते. तेव्हा मीच मैद्याची खळ शिजवली, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा कापला आणि त्याच्या चेहऱ्यावर चिकटवला. अगदी मापात कापला, शेजारच्याच्या खांद्यालाही कागद लागू दिला नाही. कुणीतरी म्हणालं, "चिटणिसाचा हात चांगलाय." मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पुढं दुकान टाकलं. एक दिवस एक निवृत्त माणूस माझ्याकडं झेरॉक्सला आला. स्पर्धांची कागदपत्रं सांभाळण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्या पिशवीत रद्दीला चाललेली कार्डं होती. मी सहज चाळली. लाल रेघ, परत लाल रेघ. माझ्या मनात आलं, यातल्या बहुतेक रेघांमागं कुणीतरी एक चिटणीस असणार, जो वेळेत सही करून मोकळा झाला. ती रात्री झोप न येण्यासारखी गोष्ट होती. मी त्याच्याकडून सगळा गठ्ठा मागून घेतला.

तेव्हापासून मी या लोकांची बाजू घेतो. दुकानात, लग्नात, चहाच्या टपरीवर. कुणी म्हणालं, अमका फुटला, तमका गावाला विसरला, की मी विचारतो, तुमचा ऊस यंदा कुठल्या कारखान्याला गेला? ज्याची ऊसतोड लवकर आली त्याला. मागच्या वर्षी दुसऱ्याला होता. त्याला कुणी फितुरी म्हणालं का? आमच्या भागात माणसं सकाळी एका पॅनेलच्या चहाला असतात आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या जेवणाला, आणि दोन्हीकडं त्यांच्या गळ्यात हार पडतो. पण पाटकऱ्याच्या पोरानं नोकरीसाठी बनियन बदललं की गावाची अब्रू जाते. मला हे पटत नाही, आणि आता पन्नाशी उलटल्यावर पटवून घ्यायची माझी इच्छाही नाही.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. आबा आता ऐंशीच्या पुढं गेलेत, अध्यक्ष त्यांचा मुलगा आहे, माझा धाकटा चुलतभाऊ. तो दुकानात आला.

"दादा, तुजी कार्डं मांडू की तालमीत. काचेत घालून. आमदार-बिमदार येणारेत, शोभा यील."

"सगळी मांडणार असशील तर घे."

"सगळीच घेऊ. बाहेरच्या गावची हायेत, कुणाला काय वाटायचंय त्यात?" मग म्हणाला, "फकस्त त्याचं नको. आबांना खपायचं न्हाय."

त्याचं कार्ड माझ्याकडं नव्हतंच. इतक्या वर्षांत मी ते कधी शोधलंही नव्हतं. एकशे चौदा माणसांची कार्डं मी मागून आणली आणि ज्याच्यामुळं हे सगळं सुरू झालं त्याच्या दारात गेलो नाही. कुठलं कार्ड माझ्याकडं नाही, ते चुलतभावाच्या बोलण्यानं माझ्या ध्यानात यावं लागलं. तो गेला आणि मी दुकान बंद केलं, भर दुपारी, आणि नीरेच्या रस्त्याला लागलो.

कोऱ्हाळे बुद्रुकला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं. बाहेर मोटरींची रांग, आत वार्निशचा वास. तो स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. केस पांढरे झालेत. मनगटं तीच.

त्यानं वर पाहिलं. "चिटणीस व्हय? मोटर जळाली काय?"

"न्हाय."

"मग कशाला आलास? हितं जळाल्याबिगार कोण येत न्हाय."

मी उभाच होतो. येताना वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "ते पत्र हरवलं नव्हतं."

त्याचा हात थांबला नाही. तार मोजत होता, वेढे पुरे केले आणि मग म्हणाला, "ठावं हाय."

"कधीपसनं?"

"फोटू काढला तवा तुज्या काखंत रजिस्टर हुतं. त्यातनं गुलाबी कोपरा भाईर आलता. मला वाटलं, सही ऱ्हायली आसंल. मग तू म्हणलास हरवलं. तवा कळलं."

"मग बोलला का न्हाईस? पंचायतीत, कुठं तरी."

"कुणाला बोलू? आबा तुजा, तालीम तुमची, रजिस्टर तुज्या काखंत. मी घोटा धरला. तेवढंच माज्या हातात हुतं."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"चुकलं न्हाय. केलंस तू." हे तो रागानं म्हणाला नाही. मोटरीत काय बिघाड आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं, तसं म्हणाला. "चुकणं येगळं. चुकतो तो गुलाबी कागद जपून ठेवत न्हाय."

त्यानं चहा सांगितला. चहा पिताना मी कार्डांचं सांगितलं, लाल रेघांचं, पन्नास वर्षांच्या कार्यक्रमाचं, आणि 'फकस्त त्याचं नको' हेही. त्या शेवटच्या वाक्याला तो पहिल्यांदा हसला. उठून हत्यारांच्या पेटीच्या तळातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात कार्ड होतं. फोटोत आमच्या गावाचं बनियन, त्यावर आमच्या मंडळाचं नाव, खाली तेच नाव लाल रेघेनं खोडलेलं.

"खोक्यात ठिवायला देत न्हाय. भितीवर लावणार आसशील तर ने."

"लावतो. तू ये बघायला."

"मी कशाला येऊ? मला ती तालीम ठावं हाय. तालमीला मी ठावं नसंल तर नवी पोरं काय बघत्यात त्या भितीकडं, माज्या त्वांडावरचं कॅलेंडर?"

गावात आल्यावर मी फोटो भिंतीवरून उतरवून घरी आणला. मला वाटलं होतं, ओल्या कापसानं कॅलेंडरचा कागद निघेल आणि खाली त्याचा चेहरा असेल. तासभर हळूहळू भिजवलं. कागद निघाला. चेहराही निघाला, कागदाला चिकटून, आणि बोटानं पुसायला गेलो तर विरघळला. खांदे राहिले, मांडीवर ठेवलेले हात राहिले, मानेवर पांढरा डाग. खळ मी दाटच केली होती. बायको दारात उभी होती. ती एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी नुसती म्हणाली, "आता?"

मंडळाच्या कपाटात जुनी रजिस्टरं अजून आहेत. कपाटाची एक किल्ली माझ्याकडं राहिलेली. हजेरीचं रजिस्टर काढलं. गुलाबी कागद कडांना पांढरट झाला होता, अक्षर जसंच्या तसं. खाली सहीची जागा मोकळी. मी खिशातून पेन काढलं आणि सही केली. तारीख आजची घातली.

कार्यक्रमाच्या सकाळी मांडव घालणारी माणसं बाहेर असताना मी तालमीत गेलो. फोटो जागेवर टांगला. जिथं चेहरा गेला होता, बरोबर तिथं काचेवर त्याचं कार्ड बसवलं, आणि शेजारी फ्रेम करून ते पत्र. कार्ड चेहऱ्यापेक्षा बरंच मोठं. त्याच्या मागं उभा असलेला मी, रजिस्टरासकट, त्याखाली झाकला गेलो. सरकवून बघितलं नाही. तसंच ठेवलं.

चुलतभाऊ आला आणि दारातच थबकला. "दादा, हे ठरलं नव्हतं."

"नव्हतंच ठरलं."

"आबा येतेत."

"येऊंदे."

आबांना दोघांनी हाताला धरून आणलं, भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवलं. त्यांना लांबचं अजून दिसतं. फोटो बघितला. मग मला म्हणाले, "काढ ते."

आयुष्यात आबांना मी 'नाही' म्हणालो नव्हतो. म्हणालो, "न्हाय काढणार."

"गावाची अब्रू भितीवर टांगलीस."

"गावाची न्हाय आबा, माजी. खाली सही माजी हाय. वाचा."

त्यांनी चष्मा मागितला. चुलतभावानं फ्रेम उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवली. आबांनी ओठ हलवत वाचलं, सहीपाशी थांबले, तारखेपाशी थांबले. म्हणाले, "आता हरकत न्हाय म्हणून काय उपेग? गडी म्हातारा झाला."

"पत्र तवाच लिवलं हुतं. हरकत तुमची हुती. आन् सही दाबली मी. हरवलं म्हणून बी मीच सांगितलं."

मांडवातली माणसं दारात जमली होती. ट्रॉलीतले दोघं-तिघंही त्यांत होते. त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यातला एक, वासे मोजल्याचं बोलणारा, पुढं आला, कार्ड जवळून पाहिलं आणि म्हणाला, "मायला, आपलंच बनियन घातलंय की." मग बाहेर जाऊन खुर्च्या मांडू लागला.

आबांनी फ्रेम मुलाच्या हातात दिली. म्हणाले, "माजी खुर्ची तिकडं फिरवा." फिरवली. संपूर्ण कार्यक्रम आबा भिंतीकडं पाठ करून बसले. नारळ फुटला, भाषणं झाली, माझ्या एकशे चौदा कार्डांचं कौतुक झालं. एकशे पंधराव्याबद्दल माइकवर कुणी बोललं नाही. पण रांगेत सगळ्यात जास्त माणसं त्याच्यापुढंच थांबत होती, ते मी उभा राहून पाहिलं.

मी त्याला फोटो पाठवला, मोबाइलवर. त्याचं उत्तर आलं, एक ओळ. 'कार्ड वाकडं लावलंय.'

आठवड्यानं एका सकाळी दुकान उघडलं तेव्हा शटरखालून सरकवलेलं एक पाकीट आत पडलं होतं. त्यात कार्ड. कुणी काढलं ते मी विचारलं नाही. फाडायची मात्र काढणाऱ्याची हिंमत झाली नव्हती. त्याच संध्याकाळी मी गावात जाऊन ते परत लावलं, यावेळी सरळ, काचेवर दोन पट्ट्या आडव्या टाकून फ्रेमच्या लाकडात चार स्क्रू घालून. त्यानंतर एकदा पत्राची फ्रेम उलटी करून ठेवलेली दिसली. तीही सुलटी केली.

होऊंदे किती वेळा व्हायचं ते. दुकानात माझं मशीन आहे, कार्डाच्या आणि पत्राच्या प्रती काढून ठेवल्यात, खिशात आता पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर असतो. चढाईत माझा दम कधी पुरला नाही. यात पुरेल.